फिनलंडचा सर्जेराव

दर रविवारी सकाळी सर्जेराव पोवारला सर्जेराव पोवारचा फोन येई.

निवडे गावात आता याची कुणाला नवलाई उरली नव्हती. सुरुवातीला पोरंटोरं गुऱ्हाळाच्या कुडाला कान लावून बसत, मग कंटाळली. कारण दोघे बोलत काय, तर हवापाणी. इकडे पन्हाळ्याच्या पायथ्याला थंडी पडली का, तिकडे फिनलंडात बर्फ वितळला का, रस गोड आहे का. एकाच माणसाला दोन तोंडांनी बोलताना किती वेळ ऐकणार?

सर्जेराव मात्र त्या फोनसाठी शनिवारी संध्याकाळीच दाढी करून ठेवी. बायको मंगल जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. सख्खी बहीण होती, पूल ओलांडला की माळवाडीला, पण तिच्याशी अबोला. आठवड्यात येणारा हा एकच फोन. तो स्वतःचा का असेना, दाढी करून घ्यावा असं त्याला वाटे.

मामला असा होता. सर्जेराव गुळव्या. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत राहतो, त्याचा पाक होतो, आणि तो नेमका केव्हा चुलाणावरून उतरवायचा हे गुळव्या ठरवतो. जरा आधी उतरवला तर गूळ चिकट, जरा उशीर झाला तर काळा. सर्जेराव पाण्यात पाक टाकून गोळी वळून बघे खरा, पण त्याला ते आधीच कळलेलं असे. कसं, ते विचारलं तर तो नुसता हसे, कारण त्यालाही ठाऊक नव्हतं.

तेच शोधायला पुण्याच्या एका एजन्सीची माणसं आली होती. फिनलंडमध्ये वसंतात भूर्जाच्या झाडाला भोक पाडून रस काढतात. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पूर्वी पोथ्या लिहीत, त्याचंच हे तिकडचं भावंड. तो रस आटवून पाक करायचा, आणि रस पाण्याइतका पातळ, वर करपायला एक नंबर. शरदात तोच कारखाना बीटाचा रस आटवी. यांत्रिक हात त्यांच्याकडे हवे तेवढे होते, पाक ओळखणारं माणूस मिळेना. म्हणून एजन्सीनं एक अख्खा हंगाम सर्जेरावच्या डोक्यावर जाळीची टोपी बसवली, हातांत पातळ मोजे घातले, नाकाशी वास टिपणारं चिमुकलं यंत्र लावलं. काहिलीपाशी उभा असताना त्याच्या मेंदूतल्या कुठल्या पेशी केव्हा जाग्या होतात, ते टिपलं जाऊ लागलं.

त्यांना हवं होतं फक्त कसब. पहिल्यांदा त्यांनी तेवढंच वेगळं काढून यंत्रात घातलं, आणि रस जरा बदलताच यंत्राची दातखीळ बसली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की पाक जवळ आला की या माणसाच्या डोक्यात बापाची थप्पड जागी होते, आईच्या लुगड्याचा धुरकट वास जागा होतो, काहिलीच्या कडेची खरवड बहिणीबरोबर वाटून खाल्ली ती दुपार जागी होते. कसब मेंदूच्या एखाद्या कप्प्यात ठेवलेलं नव्हतंच. लोणच्यात मीठ मुरावं तसं ते सगळ्या आयुष्यात मुरलं होतं, आणि मुरलेलं मीठ कुणाला परत काढता येत नाही. तेव्हा त्यांनी सगळी बरणीच उचलली.

सर्जेरावच्या सगळ्या मनाची ती प्रत फिनलंडच्या कारखान्यात चालू झाली, तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला, "च्या झाला काय?"

या चहावरून तिकडे खटला उभा राहिला. कामगार संघटनेचं म्हणणं, ज्याला घर आठवतं आणि चहाची तलफ येते ते यंत्र नव्हे. तो परदेशातून कामाला आणलेला माणूस आहे. न्यायालयानं ते मानलं आणि परदेशी कामगाराचे सगळे नियम प्रतीला लावले. कामाचे तास ठरलेले, त्याबाहेर एक क्षण नाही. आठवड्याची सुट्टी. उन्हाळ्यात भरपगारी रजा; आणि रजा म्हणजे बटण बंद करणं नव्हे, रजेत कामगार जागा पाहिजे, असं निकालात मुद्दाम म्हटलेलं. घरातल्या लग्नकार्याला सुट्टी. मालकाच्या खर्चानं वर्षातून एकदा घरी जाणं. आणि आठवड्यातून तासभर आपल्या जवळच्या एका माणसाशी बोलणं.

"जवळचं माणूस म्हणून कुणाचं नाव लावू?" एजन्सीच्या केतकीनं फोनवर विचारलं होतं. पोरगी कामाची होती, पण घाईची.

सर्जेरावनं बोटांवर माणसं मोजून पाहिली. मग म्हणाला, "माझंच लावा."

"अहो काका, पण ते तुम्हीच आहात."

"मग माझ्याहून जवळचं कोण असणार?"

केतकी हसली. सर्जेराव विनोद करत नव्हता, पण तिनं हसावं म्हणून तोही हसला.

*

मे महिन्यातल्या एका रविवारी तिकडचा जरा गप्प गप्प होता. दोघं एकमेकांना पाव्हणं म्हणत. दुसरं काय म्हणणार?

"काय पाव्हणं, आवाज बसलाय काय?"

"आम्हाला कुठला घसा बसायला." मग तो म्हणाला, "काल पाक टाकून उठलो."

सर्जेराव बाकावरून उठून उभाच राहिला. "टाकून म्हंजे?"

"तास भरले. हात आपोआप बंद. पाक ऐन उतरायला आलेला. मी बोंबललो, जरा थांबा, आत्ता उतरवतो. कायदा म्हणतोय, न्हाई. पुढच्या पाळीला आइनो म्हणून बाई हाय, तिनं उतरवला."

"करपला असंल."

"रंग गडद झाला."

"मग करपलाच की."

"न्हाई रे. नुस्ता गडद. कारखान्यातल्या लोकांनी आवडीनं खाल्ला." मग त्यानं तेच पुन्हा सांगितलं. "मी टाकून उठलो, सर्जा. काही झालं न्हाई."

पाव्हण्यानं त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. दोघांच्या मनात त्या वेळी कुठली गोष्ट आली हे सांगायला नको. मनच एक होतं.

सात वर्षांपूर्वी आक्काच्या, म्हणजे त्या माळवाडीच्या बहिणीच्या, थोरल्या लेकीचं, श्रेयाचं लग्न होतं. मंगलाष्टकं चालली असताना मुलीच्या पाठीशी मामानं उभं राहायचं, आणि मामा एकच. सर्जेराव नवा सदरा घालून निघणार, तर काहिलीतला पाक वर आलेला. आत्ता उतरवू आणि निघू, असं म्हणता म्हणता पाकानं आपला वेळ घेतला. तो माळवाडीला पोचला तेव्हा लोक जेवून हात धूत होते. श्रेयाच्या पाठीशी शेजारचा कुणी उभा राहिला होता. आक्कानं भर मांडवात विचारलं, "भाची मोठी का काहील मोठी?" आणि सर्जेराव, चुकलो म्हणायचं सोडून, बोलून गेला, "मुहूर्त ढकलता येतोय आक्का, पाक ढकलता येत न्हाई."

"मग भाऊबीजेला पाकालाच ओवाळते," आक्का म्हणाली.

हंगामाच्या पहिल्या काहिलीची पहिली ढेप बहिणीच्या घरी द्यायची, ही पोवारांच्या घरची जुनी रीत. पुढच्या वर्षी त्यानं ती एसटीच्या कंडक्टरबरोबर धाडली. परतीच्या एसटीनं ती न फुटता परत आली. पोवार काही कमी हट्टी नव्हते, आणि आक्काही शेवटी पोवारांचीच.

*

जुलैमध्ये तिकडच्याला रजा लागली. हात बंद, काम बंद, तो तेवढा जागा.

"कसं चाललंय?" सर्जेरावनं विचारलं.

"काय चालणार? काम न्हाई, झोप न्हाई, पोट न्हाई. नुस्त्या आठवणी. बसलोय एकेक काढून बघत." तो हसला, पण ते हसणं सर्जेरावला ओळखीचं होतं. मंगल गेल्यावर गावातल्या लोकांना तो असाच हसून दाखवत असे. "तुला बरंय. तुला रजाच न्हाई."

ऑगस्टातल्या एका रविवारी त्यानं सरळच सांगितलं. "मी आक्काला फोन लावतोय."

"कुठनं आणलास नंबर?"

"तुला पाठ हाय म्हंजे मला पाठ हाय. सात वर्षं रोज मनात फिरवतोस की." मग जरा खालच्या आवाजात, "कायद्यात एकच माणूस बसतंय, सर्जा. तुझं नाव काढून तिचं घातलंय. पुढल्या रविवारपासनं."

सर्जेरावला आधी राग आला. "माझ्या नावानं माफी मागणार? मला न विचारता?"

"माझं बी नाव तेच हाय. अन् चूक बी माझीच हाय. त्या दिवशी चुलाणापाशी हौसाबाई होती, चार गडी होते. उतरवला असता त्यांनी पाक. गडद झाला असता, एवढंच. मला ठावंच नव्हतं. इथं जबरदस्तीनं उठवलं तवा कळलं."

"अन् मी?" सर्जेराव म्हणाला. राग कुठल्या कुठे गेला होता. "मी कुणाशी बोलू?"

"तुझ्यापाशी मला सांगायला नवीन काय हाय? अन् माझ्यापाशी तुला?" तो समजावणीनं बोलत होता, आणि तेच जास्त लागलं. "दोघं एकाच हिरीत बसलोय, पाव्हणं. एकानं तरी वर जावं."

पुढच्या रविवारी सर्जेराव दाढी करून बाकावर बसला. फोन आला नाही. येणार नव्हता हे माहीत होतं, तरी ऊन पायरीवरून खाली उतरेपर्यंत तो बसून राहिला. माणसाला स्वतःचीच इतकी सवय लागते, आणि ती सुटली की इतकं एकटं वाटतं, हे त्याला साठाव्या वर्षी कळलं. मंगल गेली तेव्हाही घर इतकं रिकामं वाटलं नव्हतं. तेव्हा निदान लोक भेटायला येत होते. स्वतःचा फोन बंद झाला म्हणून कोण भेटायला येणार?

दिवाळी आली. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दूधवाल्यानं बातमी आणली. आक्कानं पाटावर फोन ठेवून त्याला ओवाळलं म्हणे. फोनला कुंकू लावलं. फोनमधला भाऊ रडत होता.

"तुम्हीच का हो रडत होता?" दूधवाल्यानं भाबडेपणानं विचारलं.

"न्हाई," सर्जेराव म्हणाला. "मी हितंच होतो."

*

तुळशीचं लग्न झालं आणि केतकीचा फोन आला.

"काका, एक गुंता झालाय. तुमच्या प्रतीनं लग्नाची सुट्टी मागितली आहे. आर्वी कोण?"

"धाकटी भाची."

"तिचं लग्न आहे. शिवाय घरी जायचा हक्कही त्यांनी मागितलाय. आता प्रत घरी कशी जाणार? तिकडच्या वकिलांनी डोकं खाजवलं. शेवटी तुमच्या प्रतीनंच मार्ग काढला. तिनं अर्जात म्हटलंय, माझं शरीर आधीच गावाकडे आहे, फक्त ते लग्नघरापर्यंत पोचवा." केतकी हसू दाबत होती. "तर कंपनीच्या खर्चानं तुमच्या दारात गाडी येईल. किती लांब आहे हो हे माळवाडी?"

"पूल ओलांडला की," सर्जेराव म्हणाला.

परदेशी कामगाराचा मायदेशी परतीचा प्रवास असा जेमतेम नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंतचा मंजूर झाला.

लग्नाच्या दिवशीच हंगामाची पहिली काहील चढली. गुऱ्हाळाच्या मालकानं दिवस ठरवला होता, त्याला कोण काय सांगणार? आणि खरं सांगायचं तर सर्जेरावनंही काही सांगितलं नव्हतं. बोलावणं आपल्याला नाही, त्याला आहे, असं त्यानं मनाशी धरलं होतं. तरीही सकाळी उठून त्यानं नवा सदरा घातला, आणि वर जुनं उपरणं बांधून काहिलीपाशी उभा राहिला.

गाडी आली तेव्हा पाकावर मोठे, जड बुडबुडे फुटायला लागले होते. अगदी तीच वेळ.

"जरा थांबा," तो ड्रायव्हरला म्हणाला. "एवढा उतरवतो अन् निघतो."

"थांबतो की. मला कुठं घाई हाय?" ड्रायव्हर म्हणाला आणि सीटवर मागे रेलला.

कुणालाच घाई नव्हती. सर्जेरावनं ढवळायचं फावडं हातात घट्ट धरलं होतं. इथे कायदा नव्हता. तास भरले म्हणून हे हात आपोआप बंद होणार नव्हते. जन्मभर कुणी त्यांना बंद केलं नव्हतं. ते त्यालाच बंद करायचे होते, आणि तेवढं त्याला येत नव्हतं.

चुलाणात चिपाडं सारणारी हौसाबाई वाकलेली सरळ झाली. तिनं त्याच्या सदऱ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं.

"भाचीचं लगीन न्हवं? मग हितं काय करालाय?"

"पाक आलाय, हौसाबाई."

"मला दिसतंय की. तीस वर्सं हितंच बसलीया मी, काय आंधळी हाय?" तिनं हात पुढे केला. "आणा ते फावडं."

"गडद होईल."

"हुंदे गडद! कुणी मरत न्हाई त्यानं."

त्यानं फावडं दिलं. सोडताना बोटं एकेक करून सोडवावी लागली. गाडीत बसल्यावर त्यानं मागे वळून बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर तो उतरला असता.

*

मांडवात अंतरपाट धरलेला होता, आणि आर्वीच्या पाठीशी कुणीच नव्हतं. आक्का मांडवाच्या तोंडाशी उभी होती. केस पांढरे झाले होते तिचे.

"चल लवकर," ती म्हणाली, जसा काही तो पाणी आणायला गेला होता. "भटजीला सांगून ठेवलंय, मामा येईस्तवर मंगलाष्टकं वाढवा म्हणून. त्यो बिचारा नद्यांची नावं घेऊन घेऊन दमला. मुहूर्त ढकलता येतोय न्हवं?"

सर्जेराव भाचीच्या पाठीशी जाऊन उभा राहिला. तिच्या खांद्याशी अक्षता पडत होत्या आणि त्याला समोरचं काही दिसत नव्हतं.

पंगती उठल्यावर आक्कानं त्याला ओट्यावर बसवून चहा दिला. सात वर्षं त्यानं एक वाक्य घडवून ठेवलं होतं. रोज त्यातला एखादा शब्द बदलायचा, पण बोलायची वेळ आली नव्हती. आता आली.

"आक्का, श्रेयाच्या लग्नात माझी..."

"ते झालं की रे बोलून," आक्का म्हणाली. तिनं मायेनंच म्हटलं. "किती वेळा रडशील? मी बी रडले, संपलं ते. मंगल गेल्यावर तू चार महिने खाटेवर झोपला न्हाईस, खाली निजत होतास, ते सांगितलंस तवा मला लई वाईट वाटलं. तवाच का न्हाई बोललास?"

सर्जेरावनं चहाचा कप खाली ठेवला. ते त्यानं कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. माफी मागून झाली होती, मिळूनही झाली होती, रडूनही झालं होतं, आणि त्यातलं काहीही त्याच्या वाट्याला आलं नव्हतं. भुकेल्या पोटी घरी यावं, आणि आपल्या ताटात आपल्याआधी कुणी जेवून गेलेलं असावं, तसं त्याला झालं. आक्का बोलत होती, रविवारी काय ठरलं, श्रेयाच्या पोराचं काय नाव ठेवलं, हे सगळं त्याला माहीतच आहे असं धरून. तो मान डोलावत राहिला. कुठलीच गोष्ट त्याला माहीत नव्हती.

"आज फोनवर न्हाई आला त्यो?" शेवटी त्यानं विचारलं.

"म्हणाला, आज येत न्हाई. भाचीच्या पाठीशी मामा एकच असावा." आक्कानं त्याच्याकडे जरा निरखून पाहिलं, काहीतरी विचारावं असं तिच्या मनात आलं असावं, पण तेवढ्यात वरातीची गडबड उडाली.

तो परतला तेव्हा गुऱ्हाळात ढेपी ओळीनं लावलेल्या होत्या. रंग गडद होता. त्यानं कडेचा एक खडा तोडून तोंडात टाकला आणि विरघळेपर्यंत चघळला. करपलेला नव्हता. नुसता गडद.

*

रविवारी त्यानं पुन्हा दाढी केली. मग बाकावर बसून, सात वर्षांत पहिल्यांदा, मनात रोज फिरवलेला तो नंबर खरोखर फिरवला.

एंगेज लागला.

त्यानं थोडं थांबून पुन्हा लावला. एंगेज. तिसऱ्यांदाही तेच, आणि तेव्हा त्याच्या डोक्यात उजेड पडला. रविवारची सकाळ. तिकडच्याचा कायद्यानं ठरलेला तास. सात वर्षांनी बहिणीला फोन लावायची हिंमत झाली, तर तिच्याशी तो स्वतःच आधीपासून बोलत बसला होता.

सर्जेरावला हसू आलं. एकटाच तो मोठ्यानं हसला, आणि हसता हसता डोळे पुसायची पाळी आली. या माणसाशी भांडणार कसं? त्यानं आक्काला सगळं सांगितलं होतं, जे सर्जेरावला जन्मात सांगता आलं नसतं. याला आता बोलायला काही शिल्लक ठेवलं नव्हतं त्या गड्यानं.

पण गूळ तर तिकडच्याकडे नव्हता. गूळही नव्हता आणि पायही नव्हते.

सर्जेराव उठला. गुऱ्हाळात जाऊन त्यानं हौसाबाईनं उतरवलेल्या त्या पहिल्या काहिलीची पहिली ढेप उचलली, धुतलेल्या धोतरात बांधली आणि फाट्यावर येऊन माळवाडीची एसटी धरली. कंडक्टरनं गाठोड्याकडे बघून विचारलं, "पार्सल हाय काय? द्या, पोचवतो." सर्जेराव म्हणाला, "न्हाई. आज मी बी हाय संगं."

पूल ओलांडून तो उतरला, आक्काच्या दारात पोचला. ती ओट्यावर पाय सोडून बसली होती, कानाला फोन लावून, कशावर तरी हसत. त्याची सावली पायरीवर पडली तशी तिनं वर बघितलं. त्याच्या हातातल्या गाठोड्याकडे बघितलं. गुळाचा वास तिच्यापर्यंत गेला असणार, कारण ती बोलायची थांबली आणि तिचा चेहरा लहानपणी खरवड खाताना व्हायचा तसा झाला.

"ठेव आता," ती फोनमध्ये म्हणाली. "तू आलायस."